दोन समुद्रांच्या मधलं नांदगाव

नागपूरहून येताना अमरावतीच्या अलीकडे टोलनाका लागतो, तो नांदगाव पेठचा. ट्रकांची रांग, चहाच्या टपऱ्या, रस्त्याकडेला वाऱ्यावर उडणाऱ्या पन्न्या. हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३. त्याचं पश्चिमेचं टोक सुरतजवळ हजिऱ्याला आणि पूर्वेचं ओडिशातल्या पारादीपला, म्हणजे दोन्ही टोकं खाऱ्या पाण्याशी. नांदगाव मात्र दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर दूर. इथल्या माणसाला सागरी प्रदूषणाबद्दल विचारलं तर तो हसून म्हणेल, ते मुंबईवाल्यांना विचारा.

पण या भागातल्या पाण्याचा प्रवास मोठा गमतीचा आहे. अमरावती शहर पितं ते पाणी मोर्शीजवळच्या सिंभोरा इथल्या अप्पर वर्धा धरणातलं. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीतल्या १,३५० मेगावॅटच्या औष्णिक वीज प्रकल्पालाही पाणी तिथूनच मिळतं आणि शेतकऱ्यांच्या वाट्याचं पाणी कारखान्याला का, यावर एकेकाळी मोठं आंदोलन पेटलं होतं. वर्धेचं पाणी प्राणहितेतून गोदावरीत आणि पुढे बंगालच्या उपसागरात जायचं. नळावाटे अमरावतीत आलेलं तेच पाणी वापरून झालं की अंबा नाल्यातून पेढी नदीकडे वळतं. पेढी पूर्णेला मिळते आणि पूर्णा चांगदेवला तापीला. तापी अरबी समुद्र गाठते तीही हजिऱ्याच्याच परिसरात. पूर्वेच्या समुद्राचं पाणी माणसानं पश्चिमेकडे वळवलंय आणि सोबत आपला कचराही लावून दिलाय.

पेढीचं नाव वऱ्हाडाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. याच नदीकाठी वलगावजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. नांदगावच्या टापूत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं जन्मगाव यावली आहे आणि महामार्गाने नागपूरकडे निघालं की मोझरीचा गुरुकुंज आश्रम लागतो. ग्रामसफाईचा एवढा वारसा महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या पट्ट्याला क्वचितच असेल. बाबांच्या खराट्याला जो कचरा दिसायचा तो शेण, उष्टं, चिंध्या, पालापाचोळा असा होता. आजच्या कचऱ्यातला सगळ्यात चिवट भाग डोळ्यांना दिसतही नाही.

पिशव्यांचा बंदोबस्त निदान कागदावर तरी आहे. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. एकदाच वापरून फेकायच्या ठरावीक वस्तूंवर केंद्राने १ जुलै २०२२ पासून बंदी घातली आणि त्याच वर्षाअखेर पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉनवर नेली. आठवडी बाजारात भाजीसोबत पन्नी मिळतेच, हा भाग वेगळा. पण नांदगाव पेठची खरी गोष्ट पन्नीची नाही, धाग्याची आहे.

इथल्या औद्योगिक वसाहतीत वस्त्रोद्योगाने चांगलं मूळ धरलंय. रेमंडचा लिननचा कारखाना इथेच आहे. मार्च २०२३ मध्ये देशातल्या सात पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानांच्या यादीत अमरावतीचं नाव आलं आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी वर्ध्याच्या कार्यक्रमात त्याची पायाभरणी केली. जागा सुमारे एक हजार एकर, नांदगाव पेठला. कापूस इथला आणि कापड मात्र परगावचं, या दीडशे वर्षांच्या दुखण्यावर हा उतारा ठरेल, अशी वऱ्हाडाची आशा आहे, आणि ती वाजवी आहे.

अडचण अशी, की जगात तयार होणाऱ्या धाग्यांपैकी निम्म्याहून अधिक आज पॉलिएस्टर असतो आणि कापूस जेमतेम पाचवा हिस्सा. पॉलिएस्टर म्हणजे प्लास्टिकच, पाण्याच्या बाटलीच्या जातीचं. ते धुतलं की त्यातून बारीक तंतू सुटतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला, की सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांवर तंतू निघू शकतात. समुद्रात थेट बारीक कणांच्या रूपात जे प्लास्टिक जातं, त्यातलं सुमारे ३५ टक्के कृत्रिम कपड्यांच्या धुण्यातून आणि २८ टक्के टायरांच्या झिजेतून येतं, असा आययूसीएन या जागतिक संस्थेचा २०१७ मधला अंदाज आहे. एका बाजूला कापडाचे कारखाने, दुसऱ्या बाजूला ब्रेक दाबत थांबणारे आणि पुन्हा वेग घेणारे ट्रक. यादीतले पहिले दोन्ही मानकरी नांदगाव पेठला समोरासमोर उभे आहेत.

आणि कापसातही प्लास्टिक शिरलंच आहे. वेचणीच्या बाया ओटीतला कापूस बहुतेकदा खताच्या रिकाम्या पोत्यांत भरतात. पोत्याच्या कडेचे पांढरे धागे कापसाला चिकटतात, तसेच जिनिंगमध्ये जातात आणि गाठीत बांधले जातात. ते पॉलिप्रॉपिलीनचे असल्याने रंग धरत नाहीत. रंगवलेल्या कापडावर पांढरी रेघ उमटते आणि गिरणी कापसाचा भाव पाडते. सुती झोळीत वेचा, असं कृषी अधिकारी सांगून थकले. पण रिकामं पोतं फुकट मिळतं, झोळी शिवायला पैसे पडतात.

पेढीत गेलेलं सगळंच समुद्रापर्यंत पोहोचतं असं मात्र नाही. वाटेत भुसावळजवळ हतनूर धरण आहे, पुढे गुजरातेत उकाई. पूर्णेने आणलेल्या गाळाने हतनूर आधीच बेजार आहे. बरंचसं प्लास्टिक त्याच गाळात मुरतं. जे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जातं, त्यातले बहुतेक तंतू खालच्या गाळात अडकतात. तो गाळ खत म्हणून रानात टाकला, तर समुद्र वाचतो आणि शेताला भोगावं लागतं. मल्चिंगच्या फाटक्या कागदाने आणि ठिबकच्या जुन्या नळ्यांनी वऱ्हाडातल्या मातीला प्लास्टिकची ओळख आधीच करून दिली आहे.

फ्रान्सने २०२० च्या कायद्यात नव्या कपडे धुण्याच्या यंत्रांना गाळणी बसवण्याची तरतूद केली. अंमलबजावणी रेंगाळली आहे. आपल्याकडचे नियम पिशवीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, कपड्यातून सुटणारा तंतू मोजत नाहीत. पीएम मित्र योजनेत सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची सोय धरलेली आहे, पण ते केंद्र प्रामुख्याने रंग आणि रसायनांचा विचार करून आखलं जातं. कपडा सर्वाधिक तंतू सोडतो तो पहिल्या काही धुण्यांत. ती धुणी गिरणीतच झाली आणि तिथल्या पाण्याला बारीक गाळणी लावली, तर घरोघरच्या मोऱ्यांत विखुरणारा बराचसा माल एका जागी पकडता येतो. कारखान्याला भूखंड देतानाच ही अट करारात घालता येईल. उद्योग उभा राहिल्यावर ती घालायची म्हटलं, तर कोर्टकचेरी आलीच. अप्पर वर्ध्याच्या पाण्यावरून ती या भागाने एकदा पाहिली आहे.