सही केलीत, पण बांधले गेलात का?

पहिल्या नोकरीचं नेमणूकपत्र आलं की घरात पेढे येतात, पत्र मात्र शेवटपर्यंत कुणी वाचत नाही. पगाराचा आकडा बघायचा, रुजू व्हायची तारीख बघायची आणि प्रत्येक पानाच्या तळाशी सही ठोकायची. त्यातल्याच एखाद्या पानावर बारीक टायपात लिहिलेलं असतं : ‘नोकरी सोडल्यानंतर दोन वर्षे कर्मचारी कोणत्याही प्रतिस्पर्धी कंपनीत काम करणार नाही, तसा व्यवसायही सुरू करणार नाही.’ त्याच्याखाली बाँडची, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडल्यास भरायची, रक्कम. वर्ष-दीड वर्षानं दुसरीकडून बरी ऑफर आली की हे पान आठवतं, आणि मग ज्याला त्याला विचारत फिरणं सुरू होतं. कंपन्यांच्या आपसातल्या स्पर्धेचा नवख्याला पहिला चटका बसतो तो इथं. म्हणून ऐकीव गोष्टी बाजूला ठेवून कायदा काय सांगतो ते पाहू.

गैरसमज १ : सही केली, आता दोन वर्षं प्रतिस्पर्धी कंपनीची पायरी चढता येणार नाही.

वस्तुस्थिती : भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम २७ म्हणतं की कुणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय किंवा पेशा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. कायद्यात दिलेला अपवाद धंदा विकण्याचा. दुकान नावलौकिकासह विकलं, तर त्याच भागात पुन्हा तेच दुकान थाटू नये अशी वाजवी अट घालता येते.

या कलमाची कसोटी लगेच दोन वर्षांत लागली. कलकत्त्यात तांब्यापितळेचं काम करणारे दोन व्यावसायिक एकाच भागात धंदा करत होते. स्पर्धा सोसेना, तेव्हा एकानं दुसऱ्याला सांगितलं, ‘तू इथलं दुकान बंद कर, कारागिरांना दिलेली उचल मी भरून देतो.’ दुसऱ्यानं दुकान बंद केलं. पहिल्यानं पैसे दिले नाहीत. प्रकरण हायकोर्टात गेलं. १८७४ साली निकाल लागला की हा करारच रद्दबातल आहे, पैसे मागता येणार नाहीत. बंदी एका भागापुरती होती, सगळ्या शहरात नव्हती, ही सबबही चालली नाही.

आपल्याकडचं उदाहरण झहीर खानचं. श्रीरामपूरचा हा गोलंदाज २००० साली भारतीय संघात नवाच होता, तेव्हा त्यानं जाहिरातींचं काम पाहणाऱ्या परसेप्ट डी’मार्क या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. मुदत संपल्यावरही दुसऱ्या कुणाची ऑफर आली तर ती आधी आम्हाला दाखवायची आणि तेवढेच पैसे द्यायची संधी आम्हाला द्यायची, अशी त्यात अट होती. सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये ती अट मुदतीनंतर लागू होत नाही असा निकाल दिला. करार संपला की बंधन संपलं.

गैरसमज २ : म्हणजे असली सगळी कलमं पोकळ, कधीही उठावं आणि समोरच्या कंपनीत जावं.

वस्तुस्थिती : इथं पुष्कळजण फसतात. कलम २७ चा आधार मिळतो तो नोकरी संपल्यानंतर. नोकरीची ठरलेली मुदत चालू असताना कोर्ट वेगळा विचार करतं.

कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टायर कॉर्डचं उत्पादन सुरू होणार होतं. त्याचं तंत्र परदेशी कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर घेतलेलं. १९६३ साली एका शिफ्ट सुपरवायझरला पाच वर्षांच्या करारावर घेतलं आणि ते तंत्र शिकवलं. पुढच्याच वर्षी तो जास्त पगारावर कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेला. सुप्रीम कोर्टानं १९६७ मध्ये कंपनीच्या बाजूनं कौल दिला : पाच वर्षांच्या उरलेल्या काळात तेच काम दुसरीकडे करता येणार नाही.

तुमच्या पत्रात ठरावीक वर्षांची मुदत आहे, की नोटीस देऊन कधीही सोडता येईल असं लिहिलंय, हे आधी पाहा. सगळा फरक तिथं आहे.

गैरसमज ३ : बाँड बेकायदेशीर असतो.

वस्तुस्थिती : सरसकट नाही. विजया बँकेत तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट होती. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती वैध ठरवली. अशी अट धंदा करण्यापासून कुणाला अडवत नाही, आणि सरकारी बँकेला अधिकारी निवडण्याची सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, ही त्यामागची कारणं.

पण कागदावर पाच लाख लिहिले म्हणून पाच लाख वसूल होतातच असंही नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. भरपाई वाजवीच मिळते. ‘प्रशिक्षण’ म्हणून चार दिवस पीपीटी दाखवली असेल, तर लाखोंचा दावा टिकवणं कंपनीला जड जातं.

गैरसमज ४ : बाँड मोडला की पोलीस केस होते.

वस्तुस्थिती : ही भीती शंभर वर्षांहून जुनी आहे. १८५९ च्या इंग्रजी अमलातल्या कायद्यानं उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला खरोखरच तुरुंगात घालता येई. १९२५ च्या कायद्यानं तो रद्द केला. आज बाँड मोडणं हा दिवाणी मामला आहे. कंपनीचा डेटा पेनड्राइव्हवर भरून नेलात तर मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा लागू होऊ शकतो. तो फौजदारी प्रकार आहे.

गैरसमज ५ : राजीनामा मंजूर केला नाही तर थांबावंच लागतं.

वस्तुस्थिती : कोणतंही कोर्ट माणसाला खासगी नोकरीत बसवून काम करायला लावत नाही. नोटीस न पाळल्यास करारातले पैसे कंपनी मागू शकते, एवढंच. अडवणूक होऊ नये म्हणून मूळ मार्कशीटही कंपनीकडे ठेवू नये, ती काही तारण ठेवायची चीज नाही. पडताळणीसाठी मूळ प्रत दाखवावी, झेरॉक्स द्यावी. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्याचा थकलेला पगार कामाच्या दोन दिवसांत चुकता करायचा असतो.

गैरसमज ६ : इथं शिकलो ते कंपनीचं, दुसरीकडे वापरलं तर चोरी.

वस्तुस्थिती : हाताला आलेलं कौशल्य तुमचं. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, काढलेली डिझाइन, ग्राहकांच्या दरांची फाइल कंपनीची. एक्सेल सफाईनं वापरायला शिकलात, ते सोबत न्या. ती एक्सेल शीट नेऊ नका.

रद्दबातल कलमही पत्रात छापलेलं राहतं, त्यावरून वकिलाची नोटीसही येते, आणि कधी कधी नवी कंपनी तेवढ्यानंच बिचकते. म्हणून सही करण्याआधीच ईमेलवर विचारावं : बाँडची मुदत किती, प्रशिक्षणावर नेमका खर्च किती, महिने सरतील तशी रक्कम कमी होते का, नोटीस काळाऐवजी पैसे भरता येतात का. सही केलेल्या पत्राची पूर्ण प्रत आणि ही उत्तरं ऑफिसच्या लॅपटॉपवर न ठेवता स्वतःच्या ईमेलवर ठेवावीत. नोटीस आलीच, तर उत्तर स्वतः खरडण्याआधी हे कागद घेऊन वकिलाला भेटावं.