कॉम्प्युटर एक, डोळे वेगवेगळे: प्रत्येकाच्या अकाउंटला अक्षरं हवी तेवढी मोठी करा

बऱ्याच घरांत कॉम्प्युटर एकच असतो. सकाळी अब्बा त्यावर पेपर वाचतात, दुपारी मुलगी कॉलेजचं काम करते, रात्री धाकट्याचा गेम चालतो. अब्बांना अक्षरं बारीक दिसतात म्हणून कुणीतरी स्क्रीनचं रिझोल्युशन कमी करून देतं. रात्री गेमवाला ते परत वाढवतो. सकाळी अब्बा पुन्हा चष्मा पुसत बसतात आणि असं चार-सहा वेळा झालं की "राहू दे, मोबाईलवरच बघतो" म्हणून कॉम्प्युटरचा नाद सोडतात.

मग वाटतं, प्रत्येकाला वेगळं अकाउंट करून द्यावं आणि त्यात ज्याचं त्याचं रिझोल्युशन ठेवावं. अकाउंट जरूर करा. पण विंडोजमध्ये रिझोल्युशन हे अकाउंटचं नसतं, स्क्रीनचं असतं. एकाने बदललं की सगळ्यांचं बदललं.

तसंही रिझोल्युशन कमी करणं हा डोळ्यांसाठी चांगला इलाज नाहीच. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर २०,७३,६०० ठिपके असतात. ती १३६६ बाय ७६८ वर आणली, तर १०,४९,०८८ ठिपक्यांचं चित्र ताणून तेवढ्याच काचेवर पसरावं लागतं. अक्षर मोठं होतं, पण कडा धूसर होतात. उर्दू वाचणाऱ्यांना हे जास्त जाणवेल. नस्तालीकमधले नुक्ते आधीच नाजूक, ते एकमेकांत मिसळले की बे कुठली आणि ते कुठली, कळत नाही.

म्हणून रिझोल्युशनसमोर जिथे 'रेकमेंडेड' लिहिलंय तेच कायम ठेवा. बदलायच्या आहेत त्या दुसऱ्या दोन गोष्टी, आणि त्या प्रत्येक अकाउंटमध्ये वेगळ्या राहतात.

अब्बांच्या अकाउंटमधून लॉगिन करा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले असं जाऊन 'स्केल' १२५ किंवा १५० टक्के करा. त्याने चित्रं, बटणं, अक्षरं सगळंच मोठं होतं. फक्त अक्षरं वाढवायची तर ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'टेक्स्ट साइझ' आहे, ती २२५ टक्क्यांपर्यंत जाते. विंडोज १० मध्ये हीच सोय 'ईझ ऑफ ॲक्सेस'मध्ये सापडेल. मात्र उर्दू ई-पेपरची पानं बहुतेक फोटोसारखी असतात, त्यांच्यावर टेक्स्ट साइझचा परिणाम होत नाही. तिथे कंट्रोल दाबून प्लस दाबायचं.

स्केल बदलल्यावर काही जुनी सॉफ्टवेअर विचित्र दिसतात. एकदा साइन आऊट करून परत आलं की बहुतेक ठीक होतात.

राहिला गेमवाला. जुन्या कॉम्प्युटरवर गेम अडखळतो म्हणून त्याला रिझोल्युशन कमी हवं असतं, तेही रास्त आहे. त्याने ते गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, फुल स्क्रीन ठेवून बदलावं. गेम बंद केला की स्क्रीन आपोआप पूर्ववत होते.

नवं अकाउंट सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग 'अदर युजर्स' इथे करता येतं. अब्बांचा ईमेल नसला तरी अडत नाही, ईमेलशिवाय अकाउंट करायचा पर्याय तिथेच पुढे मिळतो. पासवर्ड मात्र त्यांनाच ठरवू द्या.