बारीक माणसाच्या पोटातली चरबी

आत्ता वर येताना जिन्यात एका गृहस्थांनी विचारलं, "डॉक्टर, आज तुम्ही जाड्या लोकांना रागावणार ना?" ते स्वतः चांगले सडपातळ. रागावून घ्यायला बायकोला घेऊन आले होते. (हशा) तर आधीच सांगतो, आजचं बरंचसं बोलणं त्या गृहस्थांसाठीच आहे.

2004 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो आला होता. पांढरे शर्ट घातलेले दोन डॉक्टर. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. म्हणजे तक्त्यात बघाल तर दोघेही उत्तम. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. दुपटीहून जास्त! आता यात एक मेख आहे आणि ती त्यांनी स्वतःच गमतीने लिहिली होती: युडकिन मॅरेथॉन पळणारे, आणि याज्ञिक पळायचे ते रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत. म्हणजे सगळंच काही वंशावर ढकलता येत नाही. पण मुद्दा पक्का राहतो. सारखा बीएमआय, आणि आतला ऐवज निराळा.

बीएमआय म्हणजे काय, तर किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे गणित एकोणिसाव्या शतकातल्या बेल्जियमच्या केतले नावाच्या संख्याशास्त्रज्ञाचं. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, कुणाचा मधुमेह नव्हे. त्यात स्नायू किती, चरबी किती, हे कळत नाही. आणि चरबी कुठे आहे, हे तर मुळीच कळत नाही.

आणि 'कुठे' हाच खरा प्रश्न आहे. पोटाची चिमटी घ्या. हातात जी येते ती त्वचेखालची चरबी. ती दिसायला नकोशी असेल, पण तुलनेने निरुपद्रवी. मांड्यांवरची, नितंबांवरची तर त्याहून गरीब. चिमटीत येत नाही ती स्नायूंच्या भिंतीच्या आत असते, आतड्यांच्या भोवती आणि आतड्यांवर एप्रनसारखा जो पडदा लोंबतो त्यात. हिलाच व्हिसरल फॅट म्हणतात. म्हणून काही पोटं मऊ लोंबती असतात आणि काही ढोलासारखी टणक. टणक पोट म्हणजे ताकद, असं आपल्याकडे समजतात. पुष्कळदा ती आतून दाबणारी चरबी असते.

ती घातक का? एक कारण पत्त्याचं आहे. या चरबीतून सुटलेली मेदाम्लं पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून थेट यकृतात जातात. यकृतावर चरबी साठू लागते, इन्शुलिनचं ते ऐकेनासं होतं, नको तेव्हा साखर रक्तात सोडत राहतं. ट्रायग्लिसराइड वाढतात. शिवाय ही चरबी स्वस्थ बसत नाही, दाह वाढवणारी रसायनं सोडते. मग मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार अशी रांग लागते. काही संशोधक म्हणतात की ही चरबी मूळ कारण नसून लक्षण आहे: त्वचेखालचं कोठार भरलं की माल आत, यकृतात, स्नायूंत सांडू लागतो. मला व्यक्तिशः दोन्ही थोडं थोडं खरं वाटतं. 2004 सालीच अमेरिकेत 15 लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची साधारण दहा-दहा किलो चरबी लायपोसक्शनने काढली. त्वचेखालची, बरं का. तीन महिन्यांनी तपासलं तर इन्शुलिनच्या परिणामात काहीही सुधारणा नाही! दहा किलो वजन आहाराने-व्यायामाने उतरलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं.

आपलं कोठार लहान का, याचा एक धागा परत पुण्याकडेच जातो. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिकांच्या गटाने 1993 पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवर खांद्याच्या पात्याखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. लुकडी, पण चरबी राखून असलेली बाळं. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची रेघ 25 ऐवजी 23 वर ओढतात.

आता मोजायचं कसं? नेमकं मोजायचं तर सीटी किंवा एमआरआय, पण त्यासाठी कुणी ते करू नये. जिममधल्या वजनकाट्यावर 'व्हिसरल फॅट 11' असा आकडा येतो, त्याबद्दल मला नेहमी विचारतात. तो अंदाज आहे, मोजमाप नाही. यंत्र पायांतून बारीक विद्युतप्रवाह सोडतं, तो पाण्यातून सहज जातो, चरबीतून जात नाही. त्यावरून, तुमचं वय-उंची धरून, हिशोब. दोन ग्लास पाणी प्यायलात तरी आकडा हलतो. एकाच यंत्रावर, एकाच वेळी, महिन्यातून एकदा बघा. रोज बघून जीव काढू नका.

त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता. पुरुषांना 90 सेंटिमीटर, स्त्रियांना 80. त्यावर गेलं की सावध. आणि पँटचा नंबर सांगू नका! आमचे पेशंट वीस वर्षं 34 चीच पँट घालतात, ती फक्त दर वर्षी पोटाच्या खाली सरकत जाते. (हशा)

प्रश्न : पोटाचे व्यायाम, घामाचा पट्टा यांनी ही कमी होते का?

उत्तर : पट्ट्याने पाणी जातं, संध्याकाळपर्यंत परत येतं. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात, चरबी तिथलीच वितळत नाही. पण भरभर चालणं, पोहणं, सायकल याने आतली चरबी उतरते, कधी कधी काटा हलायच्या आधीच. वजन उतरायला लागलं की त्या प्रमाणात आतली जरा जास्तच जाते. दारू आणि अपुरी झोप हिला धार्जिणी.

प्रश्न : माझं वजन 58 आहे, वडिलांना मधुमेह होता. मी तपासायची गरज आहे?

उत्तर : तुम्ही जिन्यातलेच ना? (हशा) हो, आहे. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी आणि ट्रायग्लिसराइड, या महिन्यातच. टेप इथे टेबलावर ठेवली आहे, जाताना कंबर मोजून जा. आणि वहिनींचीही मोजा, पण त्यांना विचारून.