दोन स्वभाव, एक घर : ‘द ऑड कपल’

वर्गात एक मूल वही-पेन्सिल ओळीत मांडून बसतं, तर शेजारच्याचं दप्तर कायम उघडं! अशी जोडी दिसली की मला ‘द ऑड कपल’ ही अमेरिकन विनोदी मालिका आठवते.

नील सायमन यांचं याच नावाचं नाटक १९६५ साली ब्रॉडवेवर आलं. १९६८ मध्ये त्यावर चित्रपट निघाला आणि १९७० ते १९७५ या काळात मालिका झाली. फेलिक्स (टोनी रँडल) छायाचित्रकार, कमालीचा टापटिपीचा. ऑस्कर (जॅक क्लगमन) क्रीडा-पत्रकार, अगदी गबाळा. दोघंही घटस्फोटित. न्यूयॉर्कमधल्या एकाच फ्लॅटमध्ये राहतात आणि सारखे भांडतात.

मग गंमत कशात? मालिका कोणा एकालाच शहाणा ठरवत नाही. स्वच्छता चांगलीच, पण फेलिक्सच्या अतिरेकाचा जाच होतो. ऑस्कर पसारा करतो, पण बेघर झालेल्या मित्राला आसरा त्यानेच दिलेला असतो.

शेवटच्या भागात फेलिक्स पहिल्या बायकोशीच पुन्हा लग्न करून निघतो. निरोप म्हणून तो मुद्दाम कचऱ्याची टोपली जमिनीवर उलटी करतो! ऑस्कर म्हणतो, मी आवरतो. अर्थात तो आवरत नाही. फेलिक्सच परत येऊन कचरा उचलतो. स्वभाव दोघांचेही तेच राहिले, पण एकमेकांसाठी क्षणभर बदलावंसं वाटलं. मैत्री म्हणजे हेच ना?

आपण मुलांना पटकन म्हणतो, “बघ, त्याच्याकडून शीक जरा!” त्याआधी दोघांनाही विचारूया, “तुला याचं काय आवडतं?” उत्तरं ऐकण्यासारखी असतात.