थकलेल्या शिध्याची नोंद

प्राचीन इजिप्त म्हटलं की लोक पिरॅमिडांवर बोलू लागतात. मला बोलायचं आहे ते एका हजेरीपटाबद्दल. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चुनखडीची एक चीप आहे, जेमतेम दोन वीत उंचीची. दुसऱ्या रामसेसच्या राज्याच्या 40व्या वर्षातल्या 280 दिवसांची हजेरी तिच्यावर आहे. एका कडेला 40 कामगारांची नावं, त्यांच्यापुढे गैरहजेरीच्या तारखा काळ्या शाईत आणि तारखांच्या वर लाल शाईत कारणं. एकाला विंचू चावला होता. एकाचे डोळे दुखत होते. एक जण आईच्या प्रेताला पट्ट्या गुंडाळत होता. एक जण घरी बीअर करत होता. बायकोची किंवा मुलीची पाळी, हेही कारण तिथे मांडलेलं आहे.

मी उमेदीची वर्षं रोजगार हमीच्या कामांवर हजेरीपट लिहिण्यात घालवली. आमच्या कागदावर खाडा म्हणजे खाडा. कारणाला रकानाच नव्हता. त्यामुळे तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनाबद्दल मला जो आदर वाटतो, तो कुठल्याही फॅरोबद्दल वाटत नाही.

हा कारकून आणि त्याचे कामगार ज्या गावात राहत, त्याला आज देर अल-मदिना म्हणतात. नाईलच्या पश्चिम काठावर, लक्सरसमोरच्या डोंगराच्या कुशीत हे गाव होतं. तटाच्या आत, भिंतीला भिंत लागून सुमारे 70 घरं. काम एकच: राजांच्या घाटीत राजांची थडगी खोदायची आणि रंगवायची. गावात विहीर नव्हती, शेत नव्हतं. पाणी खालून गाढवांवर येई. कोळी, माळी, लाकूडतोडे, कपडे धुणारेसुद्धा सरकारनं नेमून दिलेले होते. कामगारांच्या डावी बाजू आणि उजवी बाजू अशा दोन टोळ्या होत्या, प्रत्येक टोळीला मुकादम. तांब्याच्या छिन्न्या तोलून द्यायच्या आणि तोलून परत घ्यायच्या. थडग्याच्या अंधारात लागणाऱ्या दिव्यांच्या वातीही मोजून दिल्या जात.

मजुरी धान्यात मिळे. साध्या कामगाराला महिन्याला 4 खार गहू आणि दीड खार जव. खार म्हणजे सुमारे 76 लिटरचं माप. गव्हाची भाकरी व्हायची, जवाची बीअर. हे धान्य यायचं कुठून, हे नीट पाहिलं पाहिजे, कारण आपल्या पाठ्यपुस्तकांत धर्म वेगळ्या धड्यात असतो आणि राज्यकारभार वेगळ्या. मोठी कोठारं मंदिरांत होती. रामेसियम या दुसऱ्या रामसेसच्या मंदिरामागे कच्च्या विटांच्या कमानींची ती कोठारं आजही पाहता येतात. देवाची पूजा जिथे चाले, तिथेच राज्याचा दाणागोटा साठवलेला असे.

तिसऱ्या रामसेसच्या 29व्या वर्षी, सुमारे इ.स.पू. 1157मध्ये, शिधा थकला. त्या वेळी गावाचा कारकून होता अमेननख्त. सुरुवातीला वीस दिवस उलटूनही धान्य आलं नाही, तेव्हा तो स्वतः होरेमहेब राजाच्या मंदिरात गेला आणि 46 खार गहू मिळवून आला. काही महिन्यांनी पुन्हा तेच झालं. हिवाळ्याच्या दुसऱ्या महिन्याच्या 10 तारखेला कामगार हत्यारं खाली ठेवून चौक्या ओलांडून बाहेर पडले आणि तिसऱ्या थुतमोसच्या मंदिरामागे जाऊन बसले. पुढच्या दिवसांत ते रामेसियमवर गेले. आम्ही भुकेनं आणि तहानेनं इथे आलो आहोत, अंगावर कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे राजाला कळवा आणि वजिराला कळवा, असं त्यांचं म्हणणं होतं. जगातला हा पहिला नोंदलेला संप मानतात.

ही हकिकत ज्या पपायरसवर आहे, तो आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. लिखाण अमेननख्तचं असावं, असं अभ्यासक मानतात. तो सरकारी माणूस होता. तिसऱ्या रामसेसच्याच 16व्या वर्षी ‘तो’ नावाच्या खुद्द वजिरानं त्याला नेमलं होतं. तरीही त्यानं कामगारांचं म्हणणं जसंच्या तसं उतरवलं. पोलीसप्रमुख मेंतमोस त्यांना सांगतो, की घरांना कुलपं लावा, बायकामुलं बरोबर घ्या, मी पुढे होऊन तुम्हाला सेती राजाच्या मंदिराकडे नेतो. हेही त्यानं लिहून ठेवलं. आधीच्या महिन्याचा शिधा मिळाला, पण प्रश्न मिटला नाही. पुढे वजीर त्या भागातून गेला तो राजाच्या तीस वर्षांच्या उत्सवाची तयारी करत. गावात आला नाही, निरोप धाडला. हाती आला तो अर्धा शिधा. खाली दाबून टाकायचं असतं, तर हे सगळं दाबून टाकणं अमेननख्तला सहज जमलं असतं.

आणि हाच माणूस आधी चित्रं रेखाटणारा कलावंत होता. त्यानं मुलांना वळण लावण्यासाठी उपदेशपर लेखन केलं, देवांची स्तोत्रं रचली. या गावात अशी सरमिसळ नेहमीचीच होती. डब्लिनमध्ये चेस्टर बीटी संग्रहात गावातल्याच एका घराण्याच्या पुस्तकसंग्रहातली गुंडाळी आहे. तिच्यावर होरस आणि सेत या देवांच्या भांडणाची गोष्ट आहे, प्रेमगीतं आहेत, पाचव्या रामसेसची स्तुती आहे आणि व्यवहाराच्या नोंदीही आहेत. गाढवाच्या भाड्यावरून वाद झाला, तर गावचं पंचमंडळ बसे. तिथे मिटलं नाही, तर गावाचा देव झालेल्या पहिल्या आमेनहोतेपची मूर्ती पुजारी खांद्यावरून मिरवत आणत आणि फिर्यादी तिच्यापुढे प्रश्न ठेवी. मूर्ती पुढे सरली तर होकार, मागे सरली तर नकार. पुजारी म्हणजे तरी कोण, गावातलेच कामगार! देवाच्या कौलात शेजाऱ्यांचं मत किती मिसळलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. मला त्यात फसवणूक दिसत नाही. रोज एकमेकांचं तोंड पाहणाऱ्या माणसांना ज्याला कुणी उलटून बोलणार नाही असा निवाडा हवा होता.

चित्रकलेचंही काम टोळीनंच चाले. होरेमहेबचं थडगं अर्धवट राहिलं आहे आणि शिकणाऱ्यासाठी ते पुऱ्या झालेल्या थडग्यांपेक्षा मोलाचं आहे. भिंतीवर आखलेल्या चौकटी, लाल रेषांतला कच्चा आराखडा, त्यावर उस्तादानं काळ्या शाईत केलेली दुरुस्ती, मग कोरीव काम, असे सगळे टप्पे तिथे शेजारीशेजारी दिसतात. सुट्टीच्या दिवसांत हीच माणसं स्वतःची थडगी रंगवत. 1886 साली सापडलेल्या सेन्नेजेमच्या थडग्यात तो आणि त्याची बायको इनेफर्ती परलोकात शेत नांगरताना दाखवले आहेत, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत. हयातभर सरकारी धान्यावर जगलेल्या माणसानं परलोकासाठी मागितलं ते स्वतःचं शेत.

विसाव्या राजवंशाच्या अखेरीस वाळवंटातून लिबियन टोळ्यांच्या धाडी येऊ लागल्या. गाव ओस पडलं आणि लोक मेदिनेत हाबूच्या तटबंद मंदिरात राहायला गेले. लेखणी मात्र अमेननख्तच्याच घराण्यात राहिली. त्याचा पणतू जेहुतीमोस आणि त्याचा मुलगा बुतेहामुन यांची पत्रं उपलब्ध आहेत. नुबियात लढत असलेला सेनापती पियांख त्यांना कळवतो, की पूर्वजांच्या थडग्यांपैकी एक उघडा आणि मी येईपर्यंत त्याची मोहोर सांभाळा. पुढच्या काळात राजांची थडगी उघडून, सोनं काढून घेऊन, ममींना नव्या पट्ट्या गुंडाळून त्या दुसरीकडे हलवण्यात आल्या. त्या कामाच्या नोंदींतही बुतेहामुनचं नाव आहे.