टाके विरघळणारे, पण कोणत्या धाग्याचे?

सिझेरियन झालेल्या बाईला भेटायला येणारी माणसे हमखास विचारतात, "टाके काढले का?" हल्ली पुष्कळदा उत्तर मिळते, "काढायचे नाहीतच, विरघळणारे आहेत." धागा शरीरात विरघळतो म्हणजे काय होते? आणि विरघळणारे सगळे धागे सारखेच असतात का?

पूर्वी विरघळणारा धागा म्हणजे कॅटगट. नावात मांजर असले तरी तो मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून बनवत. तो प्रथिनांचा असल्याने शरीरातील पेशी व विकरे त्याचा फडशा पाडतात. या खटाटोपात जखमेभोवती दाह होतो. आजचे कृत्रिम धागे बहुवारिकांचे असतात. शरीरातील पाण्यामुळे त्यांच्या लांब साखळ्या हळूहळू तुटतात. हे जलविघटन होय. त्यात दाह कमी होतो.

सिझेरियननंतर त्वचा शिवण्यासाठी यांपैकी दोन धागे विशेष वापरले जातात. पॉलिग्लॅक्टिन ९१० हा अनेक बारीक तंतूंची वेणी घालून केलेला असतो. पॉलिग्लेकाप्रोन २५ हा एकाच सलग तंतूचा असतो. वेणीच्या धाग्याची जवळजवळ निम्मी ताकद तीन आठवड्यांनंतरही टिकते, तर एकतंतू धाग्याची एका आठवड्यातच निम्म्याच्या आसपास येते. मग वेणीचा धागा सरस ठरायला हवा. शिवाय त्याची गाठ पक्की बसते. एकतंतू धागा ताठ असतो, त्याची गाठ सुटू पाहते.

पण दुसरी बाजू वर्गात करून पाहता येईल. दोन पेल्यांत शाईचे पाणी घ्या. एकात बुटाची सुती नाडी आणि दुसऱ्यात मासे पकडण्याची तंगूस अशी सोडा, की एक टोक पाण्यात व दुसरे काठाबाहेर लोंबते राहील. थोड्या वेळाने नाडीतून शाई वर चढलेली दिसेल; तंगुशीत काहीच चढणार नाही. हे केशाकर्षण. वेणीतल्या फटींतून द्रव शिरतो, तसे जंतूही शिरू शकतात आणि तेथे आसरा घेऊ शकतात.

हा झाला तर्क. प्रत्यक्षात काय होते? न्यूयॉर्कमध्ये झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. कोणत्या बाईला कोणता धागा, हे डॉक्टरांच्या पसंतीवर न सोडता चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते. एरवी अवघड जखमांना एकच धागा वापरला गेला असता आणि दोष धाग्याच्या माथी आला असता. ५२० स्त्रियांच्या जखमांची नोंद झाली. संसर्ग होणे, रक्त किंवा पाणी साचणे, जखम उकलणे असा त्रास एकतंतू धाग्याच्या गटात ८.८ टक्के, तर वेणीच्या गटात १४.४ टक्के स्त्रियांना झाला.

फरक शंभरात साडेपाचांचा. म्हणजे सुमारे अठरा बायकांसाठी एकतंतू धागा वापरला, तर एकीचा त्रास टळेल. आकडा लहान वाटतो. पण जखम उकललेल्या त्या एकीला तान्हे मूल सांभाळत पुन्हा दवाखान्याच्या खेपा घालाव्या लागतात.

तरीही घाई नको. दोन्ही गटांतील धोक्याचे गुणोत्तर ०.६१ आले, पण योगायोगाचा विचार केला, तर ते ०.३७ ते ०.९९ यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. गुणोत्तर १ म्हणजे फरक शून्य. वरची मर्यादा १ च्या अगदी उंबरठ्यावर आहे. शिवाय तातडीने कराव्या लागलेल्या शस्त्रक्रिया या चाचणीत नव्हत्या. म्हणून हा पुरावा एकतंतू धाग्याच्या बाजूने आहे, पण तो शेवटचा शब्द नव्हे.

विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न ठेवा : जास्त ताकदीचा धागा येथे मागे का पडला असावा? त्वचेच्या कडा काही दिवसांतच जुळू लागतात. त्यानंतर धाग्याची ताकद फारशी लागत नाही. वस्तू चांगली की वाईट, हे तिच्याकडून कोणते काम हवे आहे यावरच ठरते.