जुन्या गुलाबांचा शोध व त्यांची खरी ओळख

खानदेशातील जुन्या वाड्यांच्या परसात, देवळांच्या आवारात आणि विहिरींच्या कडेला अद्यापही गावठी गुलाबाची झुडपे आढळतात. त्यांची फुले लहान असतात. परंतु त्यांचा सुवास आजच्या पुष्कळशा बाजारी फुलांस नसतो. वाडे पडतात, विहिरी बुजतात आणि त्यांबरोबर ही झुडपेही नाहीशी होतात. ती राखावयाची, तर प्रथम ती अचूक ओळखता आली पाहिजेत. गुलकंदासाठी लागवड करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यासही हे ज्ञान अगत्याचे आहे. कारण चुकीचे रोप लावल्याचे पहिल्या बहरापर्यंत कळत नाही, आणि तोवर जमीन, पाणी व मजुरी खर्ची पडलेली असते.

जुने गुलाब कोणते?

१८६७ साली फ्रान्समध्ये ‘ला फ्रान्स’ ही जात निघाली. त्यापूर्वीच्या वर्गांतील गुलाबांना सामान्यतः जुने गुलाब म्हणतात. आपल्याकडे त्यांतील तीन प्रकार ध्यानात ठेवावेत.

दमास्क गुलाब : पर्णिका पाच ते सात, मऊ, फिकट हिरव्या व खालून लवदार. फांदीवर मोठे वाकडे काटे आणि बारीक राठ केस एकत्र असतात. कळीखालील भाग लांबट असतो. बहर बहुधा वर्षातून एकदाच, वसंतात येतो. गॅलिका, मोस्काटा व फेडशेंकोआना या तीन जातींच्या संकरातून हा गुलाब झाला, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखविले.

चिनी गुलाब : पर्णिका तीन ते पाच, गुळगुळीत व चकचकीत. काटे विरळ. फुले जवळजवळ वर्षभर येतात. चीनमधून कलकत्त्यामार्गे युरोपात गेल्यामुळे तेथे त्यास ‘बंगाली गुलाब’ असेही नाव पडले.

एडवर्ड गुलाब : वरील दोहोंचा संकर. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हिंदी महासागरातील बूरबाँ, म्हणजे आजच्या रेयुनियों बेटावर तो प्रथम लक्षात आला. फुले गुलाबी व सुवासिक असून वर्षातून अनेकदा येतात.

यावरून एक साधी कसोटी मिळते. ‘दमास्क’ म्हणून विकले जाणारे झुडूप खानदेशच्या उष्ण हवेत बारमाही फुलत असेल, तर त्या नावाविषयी शंका घ्यावी.

खुंटाचा चकवा

गुलाबाची कलमे खुंटावर डोळा भरून करतात. दुर्लक्षित बागेत वरचे कलम मरते व खुंट फोफावतो. मग मालक त्यालाच जुना गुलाब समजतो. मल्टिफ्लोरा हा खुंट ओळखणे सोपे आहे : पर्णिका बहुधा सात ते नऊ, फुले बारीक, पांढरी व घोसाने येणारी, आणि देठाच्या बुडाशी असलेली उपपर्णे झालरीसारखी कातरलेली. एडवर्ड गुलाबही भारतात खुंट म्हणून वापरला गेला आहे. म्हणून झुडूप जमिनीलगत उकरून कलमाची गाठ आहे काय, व फांदी गाठीच्या वरून फुटली की खालून, हे अवश्य पाहावे.

नोंद कशी ठेवावी?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मालकाची अनुमती घेऊन झुडपास क्रमांक द्यावा. गाव, जागा, लावणीचा अंदाजे काळ आणि घरात रूढ असलेले नाव लिहून घ्यावे. फूल सकाळी, ऊन चढण्यापूर्वी पाहावे. पाने, काटे, कळी व फळ यांची छायाचित्रे घ्यावीत आणि बहराचे महिने वर्षभर टिपावेत. केवळ रंगावरून किंवा एका फुलावरून नाव ठरवू नये. पानाफुलांसह फांदी कागदात दाबून वाळवावी व कृषी महाविद्यालयातील किंवा पुणे येथील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रातील तज्ज्ञांस दाखवावी. ओळख पटेपर्यंत ‘अमुक गावचा गुलाब’ एवढेच नाव पुरे.

वाढ व जतन

मूळ झुडूप उपटू नये. थंडीच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीची, सुमारे २० सेंटिमीटर लांबीची पक्व फाटे कापून निचऱ्याच्या मातीत, सावलीत लावावीत. फाटे न जगल्यास दाब कलम करावे. काळ्या जमिनीत पाणी साचू देऊ नये आणि उन्हाळ्यात रोपांस आच्छादन द्यावे. खाण्याच्या पाकळ्यांवर विषारी औषधे फवारू नयेत.

तयार झालेली रोपे निदान तीन ठिकाणी लावावीत. एक झुडूप गेले तरी वाण जात नाही. ज्या घरातून फाटा घेतला, त्या घरी एक रोप परत द्यावे.